नाकाडे आणि काळी अंडी

नाकाडे हे त्यांचे खरे आडनाव नव्हते. ते लोकांनी दिलेले होते, आणि दिल्यानंतर इतक्या मनापासून वापरले गेले की खऱ्या आडनावाने कोणी चौकशी करत आले, तर शेजारी "असं इथे कोणी राहत नाही" म्हणून त्याला परत पाठवत. पाठीवर पंप बांधून दुसऱ्यांच्या पिकांवर औषध फवारणे हा त्यांचा धंदा. फवारणारे त्या भागात पुष्कळ होते. नाकाडेंना मान होता तो नाकामुळे. कोणी दुकानातून बाटली आणली की ते झाकण उघडत, क्षणभर हुंगत, डोळे मिटत आणि निकाल देत : "अस्सल आहे", "जुनं झालंय", "ह्यात भेसळ आहे, तोंडावर मार त्याच्या." दुकानदार त्यांना पाहून अदबीने खुर्ची पुढे सरकवत आणि पाठ वळली की दात खात.

हे नाक केव्हाच मेले होते.

वास एकाएकी गेला असता तर कदाचित त्यांनी आरडाओरड केली असती. तो चोरपावलांनी गेला. आधी साबणाचा गेला, मग रॉकेलचा, आणि एके दिवशी शेगडीवरचे दूध करपून घरभर धूर झाला तरी नाकाडे शेजारीच वर्तमानपत्र वाचत बसले होते. "नाक आहे की कपाटाची मूठ?" बायकोने विचारले होते. ते हसले, पण त्या हसण्याच्या आत काहीतरी थंडगार सरकले. ज्या औषधांनी त्यांना नाव दिले, त्यांनीच ते नाक खाल्ले होते, हे कळण्याइतके ते शहाणे होते. आणि हे लोकांना कळले तर पुन्हा कोणी बाटली घेऊन दारात उभे राहणार नाही, हे कळण्याइतकेही. मग त्यांनी नाकाचे काम डोळ्यांवर सोपवले. झाकणाचे सील, तळाचा गाळ, पाण्यात थेंब सोडल्यावर उठणारा दुधी ढग, हे सगळे आधी पाहून घ्यायचे आणि शेवटी बाटली नाकाशी धरून डोळे मिटायचे. बहुतेक वेळा निकाल बरोबर येई. हे 'बहुतेक' मात्र रात्रंदिवस त्यांच्या छातीवर बसलेले असे.

त्यांची मुलगी एका मित्रकीटक प्रयोगशाळेत कामाला होती. जुन्या शीतगृहाच्या मागच्या खोल्यांत ही प्रयोगशाळा थाटलेली. एका खोलीत धान्यावरचे पतंग ट्रेमध्ये वाढवायचे, दुसरीत त्यांची अंडी पुठ्ठ्याच्या कार्डांवर डिंकाने चिकटवायची, आणि तिसरीत ती कार्डे ट्रायकोग्रामा नावाच्या माशीपुढे ठेवायची. माशी म्हणायचे एवढेच. पिठाचा कण हलला तर जितका दिसेल, तितकीच ती दिसते. ती आपले अंडे दुसऱ्या किड्याच्या अंड्यात घालते, आतले पिल्लू ते अंडे आतून खाते, आणि अळी जन्मायच्या आधीच संपते. खाल्लेले अंडे काळे कुळकुळीत होते. ती काळी अंडी असलेली कार्डे शेतात पानाखाली टाचली की नव्या माश्या बाहेर पडतात आणि पिकावरच्या किडीची अंडी शोधत निघतात.

"ह्यांनी जन्मभर किडे मारले," नाकाडेंची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "आणि लेक किड्यांचं पाळणाघर चालवते. माझ्या घरात समतोल आहे बघा."

त्या हंगामात लेकीने मक्यात ही कार्डे लावू देण्यासाठी मामाला गळ घातली. मामा म्हणजे नाकाडेंच्या बायकोचा धाकटा भाऊ : बोलायला फटकळ, अंगाने दांडगा, आणि गाईंच्या बाबतीत आईपेक्षा हळवा. त्याचा मका विकायला नव्हताच; तो गोठ्यासाठी होता. आदल्या हंगामात मक्यावर लष्करी अळी पडली, फवारण्या झाल्या, तोच चारा गाईंनी खाल्ला, आणि दुधात औषधाचा अंश सापडला म्हणून संकलन केंद्राने कॅनच्या कॅन परत पाठवले. मामाने ते दूध स्वतःच्या हाताने नाल्यात ओतले होते. म्हणूनच तो ऐकायला तयार झाला. पण त्याची अट होती.

"लाव तुझी कार्डं," तो भाचीला म्हणाला. "पण अळ्या पोंग्यात शिरू लागल्या की मी थांबणार नाही. माझी वर्षभराची वैरण आहे ती. दाजी, तुम्ही पंप भरून तयार राहायचं."

अट अवाजवी नव्हती. पानावर हिंडणारी कोवळी अळी औषधाने मरते. पण एकदा ती शेंड्याच्या गुंडाळीत, म्हणजे पोंग्यात, खोल शिरली की तिच्या विष्ठेचेच बूच वर बसते आणि औषध नुसते ओघळून जाते. थांबायचे तर अंडी फुटण्यापर्यंतच. त्यापलीकडे थांबणे म्हणजे चारा अळीच्या तोंडी देणे.

पहिली कार्डे तयार झाली त्या दिवशी प्रयोगशाळेत पतंगांच्या खोलीतले थंड हवेचे यंत्र बंद पडले. लेकीला जागचे हलता येईना. "बाबा, तुम्ही न्याल का?" तिने विचारले, आणि नाकाडे आपली खांद्याची पिशवी घेऊन हजर झाले. जाड कापडाची, कडक तळाची पिशवी. कार्डे वाकणार नाहीत, ऊन लागणार नाही. वर्षानुवर्षे तिच्यात औषधाचे माप आणि नोझल असत, पण ती त्यांनी साबणाने चोळचोळून धुतली होती, उन्हात वाळवली होती.

"वास राहिला असेल हिला," लेक म्हणाली. "ह्या माश्यांना नुसती वाफही पुरते. हुंगून बघितलीत?"

दाराशी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम उभ्या होत्या. नाकाडेंनी सवयीने पिशवी तोंडाशी नेली, डोळे मिटले आणि मान हलवली. त्या मानेवर लेकीचा इतका विश्वास होता की तिने स्वतः पिशवीत डोकावलेही नाही. तिचे स्वतःचे नाक, पतंगांच्या पंखांची धूळ जाऊन जाऊन, कायम चोंदलेले असे.

संध्याकाळच्या बसने ते मामाकडे पोचले, तिथेच मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेक येताच दोघांनी मिळून मक्याच्या ओळींमधून कार्डांचे तुकडे पानांखाली टाचले. मामा बांधावरून पाहत होता.

"दाजी, पंपाशिवाय तुम्ही अगदी उघडे दिसता हो," तो ओरडला.

"आणि तू पीक नसतानाही बुजगावणं दिसतोस," नाकाडे म्हणाले. लेक हसली. ते हसू पुढे कितीतरी दिवस त्यांना आठवत राहिले, कारण त्यानंतर ती हसली नाही.

वाट पाहणे सुरू झाले. लष्करी अळीचे पतंग रोज रात्री येऊन पानांवर अंड्यांचे पुंजके घालून जात. फिकट, लवेने झाकलेले, अंगठ्याच्या नखाएवढे. नाकाडे आणि लेक पाने उलटून पाहत. पुंजके फिकटच. मामा गोठ्यातून निघाला की वाट वाकडी करून शेतात येई, काही न बोलता पाने उलटून पाही, आणि न बोलताच परत जाई. त्याच्या गप्प बसण्याची कोणाला सवय नव्हती.

मग एका सकाळी त्याचीच आरोळी आली. "काळी पडली! अगं, काळी पडली!"

नाकाडे धावत गेले. पानामागचा पुंजका खरोखरच गडद झाला होता. मामाने त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की ते पुढच्या झाडावर आदळले. "मानलं तुझ्या लेकीला! पेढे—नाही, थांबा, आधी तिला बघू दे."

लेक आली, गुडघ्यावर बसली, भिंग डोळ्याला लावले. ती फार वेळ उठली नाही.

"ही काळी नाहीत, मामा. करडी आहेत," ती शेवटी म्हणाली. "दिसताहेत ती आतल्या अळ्यांची डोकी. आज-उद्यात फुटणार."

मग ती उठली आणि टाचलेली कार्डे एकेक काढून पाहू लागली. माशी बाहेर पडली की अंड्याच्या कवचाला भोक पडलेले दिसते. एकाही कार्डावर भोक नव्हते. माश्या आतच मेल्या होत्या. ह्याच खेपेचा एक तुकडा तिने प्रयोगशाळेत काचेच्या नळीत ठेवला होता. त्यातल्या मात्र सगळ्या धडधाकट निघाल्या होत्या.

"म्हणजे काचेत शूर आणि शेतात गारद," मामा म्हणाला. हे म्हणताना तो हसला नाही. "बोल, आता काय?"

"हे पुंजके हाताने खुडून काढू. पतंग नवी अंडी घालताहेतच. दुसरी खेप तयार आहे, उद्या आणते."

"आणि त्याही मेल्या तर? का मेल्या, हे तरी माहीत आहे का तुला?"

तिला माहीत नव्हते. तिने तसे सांगितले.

"उद्या आण," मामा म्हणाला. "पण मी औषधही आणून ठेवतो. दाजी, बाटली हुंगायला या."

दिवसभर पुंजके खुडून बापलेक घरी परतले. लेकीने चप्पल काढता काढताच मॅडमना फोन लावला होता. नाकाडेंना तिचा अर्धाच संवाद ऐकू येत होता. "हो... कारण नाही सापडलं... कळतंय मला, मॅडम, वाण कमकुवत झाला असेल तर... सगळाच? ... बरं." तिने फोन ठेवला. मग बापाला म्हणाली, "कारण कळत नसेल तर ही पैदास पुढे चालू ठेवता येत नाही म्हणाल्या. उद्याची कार्डं काढून घ्यायची आणि बाकीचं सगळं नष्ट करायचं. नव्याने सुरू करेपर्यंत हंगाम संपेल." ती ही पैदास शिकाऊ होती तेव्हापासून सांभाळत होती, सुट्टीच्या दिवशीसुद्धा ट्रे बघायला जाई.

"तुझ्या हातून काही चुकलं असेल असं वाटत नाही मला," नाकाडे म्हणाले.

"मग कोणाच्या?"

इतक्यात स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "अहो, ती पिशवी आधी बाहेर टांगा बरं. कालपासून डोकं धरलंय माझं."

"धुतली आहे ती."

"धुतली असेल. पण दमट हवेत सुटलाय तिचा वास. ओट्यापाशी उभं राहवत नाही, आणि तुम्ही म्हणे औषधाचे पारखी!"

नाकाडेंनी पिशवी खुंटीवरून काढली. परसात जाऊन, कोणी पाहत नाही ना याची खात्री करून, त्यांनी तोंड पिशवीत खुपसले आणि छाती भरून श्वास घेतला. काहीही आले नाही. डोळ्यांत मात्र चुरचुरले. कडक तळाच्या पुठ्ठ्याला त्यांनी बोट लावले. कापड धुतले होते, पण तळाच्या आतल्या पुठ्ठ्याने वर्षानुवर्षे जे पिऊन ठेवले होते, त्याला साबण पोचलाच नव्हता. कार्डे रात्रभर त्याच पुठ्ठ्यावर पडून होती.

त्यांना पहिल्यांदा सुचला तो उपाय सोपा होता. पिशवी टाकून द्यायची. उद्याची कार्डे साध्या खोक्यातून न्यायची. माश्या निघतील, अंडी काळी पडतील, मामा खूश होईल, आणि पहिल्या खेपेचे काय झाले ते कोणी विचारणार नाही. हा उपाय त्यांनी मनात घोळवला, उलटापालटा करून पाहिला. तो सगळीकडून नीट बसत होता. फक्त एका ठिकाणी बसत नव्हता. प्रयोगशाळेतले ते ट्रे उद्या रिकामे होणार होते, आणि लेक आयुष्यभर स्वतःच्या हातांकडे संशयाने पाहणार होती.

तरीही ते त्या दिवशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी लेक प्रयोगशाळेतून कार्डे घेऊन परस्पर मामाच्या गोठ्यावर आली. नाकाडे आधीच पोचले होते; पिशवी त्यांनी घरीच ठेवली होती. गोठ्याच्या ओसरीवर मामा आणि शेजारचा ट्रॅक्टरवाला बसले होते. ट्रॅक्टरवाल्यानेही आपली बाटली हुंगून घ्यायला आणली होती. नाकाडे येणार म्हटले की अशी गिऱ्हाईके जमतच.

"या, नाकशास्त्री," मामाने बाटलीचे झाकण फिरवले आणि ती त्यांच्या नाकापुढे धरली. "बघा बरं. फवारावी लागलीच तर अस्सल असू दे. दूध पुन्हा ओतायचं नाहीये मला."

बाटलीवरचे लेबल मामाच्या मुठीत झाकले गेले होते. सील आधीच फोडलेले. तळ दिसत नव्हता. नाकाडेंना पाहण्यासारखे काहीही नव्हते. समोर बाटलीचे काळे तोंड, आणि बाजूला ट्रॅक्टरवाला आपल्या पाळीची वाट पाहत.

"बाबा," लेक ओसरीच्या खांबाशी टेकून म्हणाली, "मॅडमनी दुपारी ट्रे धुवायला सांगितलेत. मी कार्डं लावून लगेच निघते. तुमचं झालं की या."

"ट्रे धुवू नकोस," नाकाडे म्हणाले.

"काय?"

"माश्या माझ्या पिशवीत मेल्या. पुठ्ठ्यात औषध मुरलं होतं." त्यांनी बाटली हाताने बाजूला सारली. "आणि हिच्याबद्दल मला विचारू नकोस. मला वास येत नाही. कशाचाच. पुष्कळ वर्षं झाली."

गोठ्यात एका गाईने साखळी ओढली. ट्रॅक्टरवाल्याने आपली बाटली हळूच गुडघ्यामागे नेली.

"चेष्टा करताय, दाजी," मामा म्हणाला.

"नाही."

"म्हणजे गेल्या हंगामात ती बाटली... जिच्यानंतर माझं दूध परत आलं... ती तुम्ही हुंगून सांगितलीत, ह्याचा अंश आठवड्यात उतरतो म्हणून—"

"सील बघून सांगितलं होतं. आत काय होतं ते मला आजही माहीत नाही."

मामाने बाटलीचे झाकण लावले. फार सावकाश, घट्ट लावले. तो ओरडला असता तर बरे झाले असते. "माझ्या गोठ्यात उभं राहून सांगताय हे," तो एवढेच म्हणाला.

लेक मात्र वडिलांजवळ आली. "मी विचारलं होतं, बाबा. तोंडावर विचारलं होतं. तुम्ही मान हलवलीत."

"हो."

"मॅडमसमोर."

"हो."

ती आणखी काही बोलेल म्हणून ते उभे राहिले. तिने फोन काढला, ओसरीच्या टोकाला गेली, आणि तिचा आवाज ऐकू आला : "मॅडम, ट्रे राहू द्या. कारण सापडलं." कारण काय, ते सांगताना मात्र तिने आवाज खाली आणला. वडिलांसाठी की स्वतःसाठी, हे नाकाडेंना समजले नाही.

कार्डे लावली गेली. नाकाडेंना कोणी लाव म्हटले नाही आणि कोणी लावू नको म्हटले नाही; ते एक ओळ सोडून चालत राहिले. मामाने सांगून टाकले होते : अंडी करडी दिसली की फवारणी, आणि ती तो स्वतः करणार. "तुमचा पंप द्या फक्त. माणूस नको."

पुढच्या दिवसांत नाकाडेंच्या दारात कोणी बाटली घेऊन आले नाही. बातमीला ट्रॅक्टर मिळाला होता. दुकानावरून जाताना दुकानदाराने खुर्ची पुढे सरकवली नाही, उलट नाकाला रुमाल लावून खोकला. घरी बायको म्हणाली, "मला तरी सांगायचं होतंत," आणि मग त्यांच्या ताटाशी बसून, त्यांनी न विचारता, प्रत्येक पदार्थाचा वास कसा आहे ते सांगू लागली. त्यांना ते असह्य झाले आणि उठवतही नव्हते. लेक त्यांच्याशी कामापुरते बोले.

ते रोज शेतात जात. मामा बांधावर असला तर मान खाली घालून दुसऱ्या टोकाने शिरत.

ज्या सकाळी निकाल लागायचा होता, त्या सकाळी मामा पंप भरूनच आला. पट्टे खांद्यावर त्याला नीट बसले नव्हते. पंप एका बाजूला कलंडला होता आणि प्रत्येक पावलाला आतले द्रावण डुचमळत होते. लेक दूरच्या ओळीत पाने उलटत होती. नाकाडे गुडघ्यावर बसून एका पानामागचा पुंजका भिंगातून पाहत होते. मामाची सावली पानावर पडली.

"काय दिसतंय?"

नाकाडेंनी भिंग हलवले नाही. पुंजक्याची एक बाजू काळी होती. करडी नव्हे, काजळासारखी, चकचकीत. 'काळी पडली' म्हणायला जीभ टाळूला लागलीच होती. मामा लवेखालचे बारकावे पाहणार नव्हता. दूरच्या ओळीत लेक ताठ उभी राहिली होती, तिचाही चेहरा इकडेच होता. एका शब्दात सगळे परत मिळणार होते. असा एक शब्द देण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले होते.

"अर्ध्याहून थोडी जास्त काळी आहेत," ते म्हणाले. "लव दाट आहे तिथे माशी पोचलेली नाही. ती फिकटच आहेत. आणि कडेची काही करडी आहेत. ती फुटणार."

"काही म्हणजे किती?"

"ह्या पानावर चिमूटभर. पुढच्या पानाचं मला अजून माहीत नाही."

मामा उभाच राहिला. त्याचा हात पंपाच्या दांड्यावर होता. दांडा एकदा खाली गेला, नळीत फस्स झाले, आणि तिथेच थांबला.

"द्या ते भिंग," तो म्हणाला. मग वाकायला गेला, तर पंपाने त्याला पुढे ढकलले आणि झाकणातून थेंब मानेवर ओघळले. "च्यायला! हा आधी उतरवा. असं बघता येत नाही."

नाकाडे उठले. पट्टे सोडवायला त्यांना पाहावे लागले नाही. हातांना सगळे पाठ होते. त्यांनी पंप उतरवला, बांधावर पाण्यापासून दूर ठेवला, नोझल वर करून. मामाची मान त्यांनी डब्यातल्या स्वच्छ पाण्याने धुतली, आणि मामाने ती धुऊ दिली.

मग तो गुडघ्यावर बसला. भिंग आधी फार जवळ धरले, मग फार लांब. लेक ओळी ओलांडत जवळ आली आणि वडिलांच्या शेजारी, त्यांना न लागता, उभी राहिली. मामाने पान उन्हाकडे कलते केले.

"ही काळी," शेवटी तो पुटपुटला. "आणि ही... ही दुसरीच." त्याने करडी कड तेवढी नखाने खरवडून मातीत चिरडली, काळी बाजू तशीच ठेवली, आणि भिंग परत न देता मान वर केली.

"पुढचं झाड दाखवा," तो म्हणाला.